बरणीबाईंची पिवळी रोपं

‘झाडांना खायला घातलं का?’ असं बरणीबाईंना कोणी विचारलं, की पुढची दहा मिनिटं त्या माणसाची सुटका नसे. हातातली बाटली खाली ठेवून त्या आधी चष्मा कपाळावर चढवायच्या आणि मग सुरू व्हायच्या.

"झाड खात नाही हो. ते आपलं जेवण आपणच शिजवतं, पानात, उन्हावर. मुळांतून वर जातं ते मीठ. पाण्यात विरघळलेलं. स्वयंपाक वेगळा आणि मीठ वेगळं, बरोबर ना?"

समोरचा निमूट मान हलवायचा.

"मग मीठ आपण किती घालतो? चिमूटभर! आणि तुम्ही लोक झाडाच्या बुडाशी पोतं रिकामं करता."

मी कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवायला नवी लागले, तेव्हा पहिल्याच दिवशी हे मीठपुराण माझ्याही वाट्याला आलं. मी पदवी घेऊन आलेली, त्या प्रयोगशाळेतल्या सहायक. तरी मान मीच हलवत होते.

सत्तावीस वर्षांपूर्वी त्या इथे काचेची भांडी धुवायला लागल्या होत्या. तेव्हाच्या विभागप्रमुखांचे हात थरथरत. तराजूत ग्रॅमचा शंभरावा भाग तोलताना अर्धी पूड टेबलावर सांडायची. एक दिवस वैतागून त्यांनी छोटा चमचा बाईंच्या हातात दिला आणि म्हणाले, "तुम्हीच बघा आता." बाईंनी बघितलं, आणि तेव्हापासून तो चमचा दुसऱ्या कोणाच्या हातात गेला नाही. प्रमुख निवृत्त झाले, त्यांच्यानंतर आणखी दोघे आले नि गेले, भिंतींचा रंग तीनदा बदलला. दरवर्षी परीक्षेच्या अडीच महिने आधी खिडकीखालच्या लांब ओट्यावर आठ बरण्या मांडायचं काम मात्र बाईंचंच राहिलं. मुलांनी त्यावरूनच त्यांना बरणीबाई हे नाव ठेवलं होतं. त्यांना ते माहीत होतं. फक्त मुलं ते दबक्या आवाजात म्हणायची, याचा त्यांना राग होता. "म्हणायचं तर सरळ तोंडावर म्हणा," असं त्या म्हणत.

त्या बरण्यांचं काम सोपं दिसायचं आणि अतिशय किचकट होतं. रेती ॲसिडने धुऊन, मग साध्या पाण्याने, मग डिस्टिल्ड पाण्याने धुवायची. तिच्यात टोमॅटोचं बी उगवून आणायचं. रोपाला चार पानं फुटली की हलक्या हाताने उपटून त्याची मुळं पुन्हा धुवायची, रेतीचा एक कण राहता कामा नये. मग बरणीच्या झाकणाला पाडलेल्या भोकातून ते रोप खाली सोडायचं, खोडाभोवती कापूस गुंडाळायचा. बरणीला बाहेरून काळा कागद, कारण उजेड आत गेला की शेवाळ धरतं. मुळांनाही श्वास लागतो, म्हणून माशांच्या टाकीतला पंप आणि आठही बरण्यांत सोडलेल्या आठ नळ्या. त्या नळ्यांचं जाळं बाईंच्या नवऱ्याने बनवून दिलं होतं. ते पंख्यांच्या मोटारी दुरुस्त करायचे. बोलायचे कमी आणि बायकोने सांगितलेलं काम मात्र दुसऱ्या दिवशी करून आणायचे. त्या घरात बोलायचं खातं बाईंकडेच होतं.

बरणीत माती नाही, नुसतं पाणी. त्या पाण्यात झाडाला लागणारे सगळे क्षार मोजून घातलेले. एका बरणीत सगळे. बाकीच्या सात बरण्यांत एकेक कमी. प्रत्येक बरणीवर बाईंच्या ठळक अक्षरात चिठ्ठी: नत्र नाही. स्फुरद नाही. पालाश नाही. कॅल्शियम नाही. मॅग्नेशियम नाही. गंधक नाही. लोह नाही. आणि आठवीवर, सगळं आहे.

यातून मुलांना एवढंच दिसायला हवं असायचं, की एक जरी क्षार काढून घेतला तरी बाकीचे सगळे असूनही झाड अडतं. नत्र दुप्पट घातलं म्हणून लोहाची उणीव भरून निघत नाही. आणि प्रत्येक उणिवेचा झाडाच्या अंगावर वेगळा डाग उमटतो. कुठे शिरा हिरव्या आणि मधलं पान पिवळं, कुठे पानाची कड करपलेली, कुठे शेंडाच जळालेला. म्हणजे रोपं टवटवीत ठेवणं हे बाईंचं काम नव्हतंच. सात रोपं नेमकी ठरलेल्या कारणाने आणि ठरलेल्या दिवशी आजारी पाडायची, हे त्यांचं काम होतं. मरूही द्यायची नाहीत आणि बरीही होऊ द्यायची नाहीत.

आणि हेच कोणाला पटायचं नाही.

"बाई, बिचारं पिवळं पडलंय!" असं म्हणत येणाऱ्या-जाणाऱ्यांचा जीव कळवळायचा. एका वर्षी ऑफिसातल्या कारकुनाने उरलेला चहा गंधकाच्या बरणीत ओतला होता. एका वर्षी दोन मुलींनी दया येऊन बरण्यांचं पाणीच बदललं, नळाचं भरलं. नळाच्या पाण्यात काय काय असतं हे त्या मुलींना आयुष्यभर विसरता येणार नाही, एवढं बाईंनी त्यांना ऐकवलं.

घरीही हीच तऱ्हा. बाईंची मोठी नणंद त्यांच्याकडेच राहायची. गॅलरीतल्या सहा कुंड्या तिच्या ताब्यात. ती त्यांत अंड्याची टरफलं टाकायची, तांदळाचं धुवण ओतायची, डोकेदुखीच्या गोळ्यासुद्धा पुरायची. बाई सांगून सांगून थकल्या. "वन्सं, टरफल विरघळायला वर्ष जाईल, तोवर मुंग्या कुंडीचा ताबा घेतील." त्यावर वन्सं म्हणायच्या, "तू शिकलेली आहेस, मी माया करते." बाई मला हे सांगत, तेव्हा त्यांच्या नाकपुड्या फुललेल्या असायच्या.

त्या वर्षी कॉलेज तपासायला बाहेरून समिती येणार होती. पाच वर्षांतून एकदा येते ती. सगळ्या इमारतीला चुना लागला, बंद पडलेली घड्याळं चालू झाली. बरण्या नेमक्या त्याच सुमाराला रंगात येणार होत्या. मी नवी असल्यामुळे बाईंनी मला आधीच बजावलं होतं, "मॅडम, बोट लावायचं नाही. बघायचं फक्त."

पहिले बारा दिवस सगळं ठरल्याप्रमाणे झालं. तेराव्या दिवशी लोहाच्या रोपाची वरची कोवळी पानं फिकी पडायला लागली. बाई खूष. पंधराव्या दिवशी तीच पानं पुन्हा हिरवी.

बाई बरणीसमोर उभ्या राहिल्या, वाकल्या, चष्मा पुसून पुन्हा वाकल्या.

"हे कुठून आलं?"

"काय?" मी विचारलं.

"लोह! कुठून आलं याला?"

त्यांनी आधी स्वतःवर संशय घेतला. डिस्टिल्ड पाण्याचं यंत्र उघडून घासलं. क्षारांच्या बाटल्या बदलल्या. जुन्यांत लोहाचा अंश असेल तर? बरणी ॲसिडने धुतली. नवं द्रावण केलं. दोन दिवस त्या मधल्या सुट्टीत डबा उघडायच्या आणि न खाताच बंद करायच्या. इकडे नत्राची बरणीही बिघडली. तिचं रोप एव्हाना खालून पिवळं पडायला हवं होतं, ते काळसर हिरवंगार झालं होतं. ‘सगळं आहे’पेक्षाही तजेलदार.

"सत्तावीस वर्षं करतेय मी हे," त्या म्हणाल्या. "सत्तावीस वर्षं! आणि आता मला नत्र लपवता येत नाही?"

विसाव्या दिवशी सकाळी त्यांनी मला हाक मारली. हातात भिंग होतं.

"या इकडे. हे पान बघा."

लोहाच्या रोपाचं सगळ्यात नवं पान फिकट पिवळं होतं, पण त्यावर बारीक हिरवे ठिपके होते, तोंडावर वांग उठावेत तसे.

"मुळांतून लोह आलं असतं तर हिरवं आधी शिरांच्या कडेने पसरलं असतं," बाई म्हणाल्या. "हे तसं नाही. जिथे थेंब पडलाय तेवढंच हिरवं झालंय. वरून काहीतरी पडतंय याच्यावर. कोणीतरी फवारतंय." त्यांनी बरणीखालचा पांढरा कागद ओढून काढला. त्यावर गंजाच्या रंगाचे बारीक शिंतोडे होते. "आणि पॅसेजच्या बाजूनेच. बघा, खिडकीकडचं अर्धं पान कोरडं आहे."

मला खरं तर टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. पण बाईंच्या चेहऱ्याकडे बघून हात जागच्या जागी ठेवले.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी सकाळी सातला हजर. प्रयोगशाळेचं दार लोटलेलं होतं. आतून आवाज येत होता, फुस्स, फुस्स. बाईंनी दार ढकललं.

आत सफाईवाल्या मावशी होत्या. काचा पुसायची फवाऱ्याची बाटली हातात, आणि तिचं तोंड लोहाच्या रोपाकडे. दचकल्या, पण बाटली काही खाली ठेवली नाही.

"मावशी! काय मारताय त्याच्यावर?"

"औषध."

"कसलं औषध?"

मावशींनी कमरेच्या पिशवीतून गोळ्यांचं पाकीट काढलं. लाल गोळ्या. "दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाईंनी दिल्यात मला. रक्त कमी आहे म्हणाल्या. लोहाच्या गोळ्या. मला झेपत नाहीत, पोटात ढवळतं. मग म्हटलं, वाया कशाला घालवायच्या, याला तरी द्याव्यात."

"पण यालाच का?"

"तुम्हीच तर लिहून ठेवलंय!" मावशींनी चिठ्ठीकडे बोट केलं. "लोह नाही. मला वाटलं, संपलंय. ऑफिसात मागितलं असेल आणि आलं नसेल. इथे काय वेळेवर येतं? हात धुवायचा साबण चार महिने मागतेय मी."

बाईंनी एक स्टूल ओढलं आणि त्यावर बसल्या.

"आणि ‘नत्र नाही’?" त्यांनी अगदी हळू विचारलं.

"ते माळ्याला विचारलं. तो म्हणाला युरियात असतं. त्याच्याकडून मूठभर आणून ठेवलाय, रोज चिमूटभर टाकते."

"आणि ‘पालाश नाही’?"

"ते कुठे मिळतं ते अजून कळलं नाही बघा," मावशी प्रामाणिकपणे म्हणाल्या.

मग मात्र बाईंचा बांध फुटला. प्रयोग म्हणजे काय, मुलांना काय दाखवायचं असतं, लोह काढण्यासाठी त्यांनी तीन वेळा पाणी कसं गाळलं, आठवडाभर त्यांना झोप कशी नाही, सगळं एका दमात. मावशी ऐकत होत्या. शेवटी त्यांनी एकच विचारलं, "एकाला सगळं द्यायचं आणि सात जणांना तरसत ठेवायचं, आणि वरून त्यांच्या अंगावर चिठ्ठी लावायची. मुलांना हे शिकवता तुम्ही?"

बाईंनी माझ्याकडे बघितलं, मी खिडकीबाहेर. मला हसू आवरत नव्हतं, आणि ते त्या घडीला परवडणारं नव्हतं.

जरा वेळाने बाईंचा आवाज खाली आला. "मावशी, तुम्ही स्वतः किती दिवस गोळ्या घेतल्या नाहीत?"

"हे पिवळं पडायला लागलं तेव्हापासून."

"आणि दुसऱ्या मजल्यावर येताना मध्ये थांबता ते?"

"ते वयामुळे."

"वयामुळे म्हणे!" बाई उठल्या. त्याच दुपारी त्या मावशींना घेऊन दवाखान्यात गेल्या. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, रिकाम्या पोटी घेऊ नका, जेवणावर घ्या, आणि वर लगेच चहा पिऊ नका. मावशी गोळी घ्यायच्या ती नेमकी सकाळच्या उपाशीपोटीच्या चहाबरोबर. दुसऱ्या दिवसापासून दुपारी डबा संपला की बाई मावशींसमोर पाण्याचा ग्लास घेऊन उभ्या. "गिळा. झाडाला दिलेलं मी मोजणार आहे, आणि तुम्हाला दिलेलंही." मावशी कुरकुरायच्या, गिळायच्या. आणि गिळल्यावर तोंड उघडून दाखवायच्या, शाळेतल्या मुलीसारखं.

समितीला आठ दिवस होते. नव्याने सगळं मांडायला वेळ नव्हता. मी विचारलं, आता काय?

"लोहाची काळजी नाही," बाई म्हणाल्या. "लोह एकदा पानात बसलं की तिथून हलत नाही. मावशींनी जे दिलं ते जुन्या पानात अडकलंय. पाणी बदललं की उद्या जे पान फुटेल त्याला काही मिळणार नाही, ते पिवळंच येणार. खाली हिरवं, वर पिवळं. उलट छान दिसेल." मग त्यांनी नत्राच्या बरणीकडे बघून कपाळाला हात लावला. "याचं मात्र कठीण. नत्र एका जागी टिकत नाही. अडचण आली की हे बेणं जुन्या पानांतून नत्र काढून घेतं आणि शेंड्याला पाठवतं. आणि मावशींनी त्याला इतकं ठासून भरलंय की महिनाभर पुरेल."

"म्हणजे म्हातारी पानं आपलं काढून पोरांना देतात," मावशी फरशी पुसता पुसता म्हणाल्या. "माणसासारखंच की."

"माणसासारखं काही नाही," बाई कडाडल्या. "ते रसायन आहे. फरशी पुसा."

शेवटी त्यांनी रेतीत राखून ठेवलेल्या रोपांतलं एक अशक्त रोप शोधलं आणि नत्राच्या बरणीत ते लावलं. ते आधीच खंगलेलं होतं, आठ दिवसांत खालची दोन पानं पिवळी झाली. बाईंच्या मनाला हे लागलं. "ही लबाडी आहे," त्या मला दोनदा म्हणाल्या. मी म्हटलं, नत्र नाहीच ना त्यात? "नाहीये. पण तरी."

समितीच्या तीन दिवस आधी प्राचार्य फेरी मारायला आले. ओट्यापाशी आल्यावर त्यांचा चेहरा उतरला.

"बाई, ही रोगट रोपं इथे कशाला?"

"सर, तोच प्रयोग आहे."

"हो, पण समिती येतेय. हे एक छान आहे बघा." त्यांनी ‘सगळं आहे’वर बोट ठेवलं. "असंच ठेवा ना सगळं."

"सगळी सारखी ठेवली तर मुलं काय बघणार?"

"मुलं नंतर बघतील. पिवळं दिसलं की माणसाला वाटतं, इथे कोणी लक्ष देत नाही. थोडं खत घाला, तीन दिवसांत सुधारतील."

बाईंनी चष्मा कपाळावर चढवला. मी मध्ये पडून म्हटलं, सर, बघतो आम्ही. ते गेले. बाई पुढचा तासभर बाटल्या आपटत होत्या.

समितीच्या दिवशी सकाळी आम्ही आलो तर ओटा रिकामा. बरण्यांच्या जागी सहा चकचकीत कुंड्या, आणि त्यांत क्रोटनची झाडं, मोठमोठी पानं, हिरव्यावर पिवळे पट्टे. भाड्याने आणलेली. शिपाई शेवटची कुंडी सरळ करत होता.

"बरण्या कुठेत?" बाईंनी विचारलं.

"खालच्या सामानाच्या खोलीत, टेबलाखाली. साहेबांनीच सांगितलं काल संध्याकाळी."

बाई तशाच प्राचार्यांच्या दाराशी गेल्या. मी मागे.

"सर, ही नवी झाडं पिवळी आहेत."

"ती शोभेची आहेत बाई."

"मग माझी पण शोभेची समजा."

प्राचार्यांनी टायची गाठ नीट केली. बाहेर गाडी थांबल्याचा आवाज आला, आणि ते उत्तर न देताच पायऱ्यांकडे धावले. बाईंनी ते ‘हो’ म्हणून घेतलं.

पुढची वीस मिनिटं मी, बाई आणि मावशी, तिघींनी मिळून बरण्या वर आणल्या. रात्रभर पंप नव्हता, त्यामुळे मुळं मलूल झाली होती. कॅल्शियमच्या रोपाचा शेंडा मोडला होता. तो तसाही जळायच्या बेतात होता, पण मोडलेला आणि जळालेला यात फरक असतो, आणि बाईंच्या लेखी फारच. पालाशची चिठ्ठी गळून पडली होती. मावशींनी ती जमिनीवरून उचलून ओल्या बोटाने चिकटवली. क्रोटन आम्ही पॅसेजमध्ये रांगेने ठेवले. एक बरणी वर आणताना मावशी जिन्यात थांबल्या, मोठा श्वास घेतला, आणि बाईंनी विचारायच्या आत म्हणाल्या, "घेतलीय गोळी."

समितीत तिघे होते. एकाने आग विझवायच्या नळकांड्यावरची तारीख बघितली. दुसरीने प्रयोगशाळेला दारं किती, असं विचारलं. तिसरे गृहस्थ ओट्यापाशी आले, लोहाच्या रोपाकडे वाकले. खालची पानं हिरवीगार, वरची तीन लिंबासारखी पिवळी, शिरा मात्र हिरव्या, जशा पुस्तकात काढून दाखवतात तशा. बाई श्वास रोखून उभ्या. सत्तावीस वर्षांत इतकं चांगलं लोहाचं रोप झालं नव्हतं, असं त्या नंतर म्हणाल्या.

गृहस्थ सरळ झाले. "याला जरा खत घाला," ते म्हणाले.

बाईंचं तोंड उघडलं. प्राचार्य मोठ्याने खोकले आणि "या बाजूला आमचं ग्रंथालय" म्हणत हात पुढे केला. तेवढ्यात दाराशी उभ्या असलेल्या मावशी बोलल्या.

"नाही घालायचं साहेब. मुद्दाम ठेवलंय तसं. लोह काढलंय त्यातलं."

गृहस्थ हसले, "अच्छा, अच्छा," म्हणाले आणि ग्रंथालयाकडे गेले. सगळं मिळून चार मिनिटं.

सहा आठवड्यांनी अहवाल आला. कॉलेजला बरा शेरा मिळाला. वनस्पतीशास्त्र विभागाच्या वाट्याला एकच ओळ होती: ‘प्रयोगशाळेतील झाडांची निगा सुधारणे आवश्यक.’ त्यावरून प्राचार्यांनी बाईंना लेखी विचारणा केली, की याबाबत आपला खुलासा सादर करावा.

बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. त्यांनी खुलासा लिहिला. अडीच पानं. आयुष्यात त्यांनी इतकं कधी लिहिलं नव्हतं. मला वाचायला दिला तेव्हा मी दोन ठिकाणी ऱ्हस्व-दीर्घ बदललं, आणि ‘ज्यांना पान आणि कागद यातला फरक कळत नाही अशा’ हे शब्द काढायला लावले. त्या कशाबशा तयार झाल्या. बाकी मजकूर अगदी नीट होता. झाडाला मातीतून काय लागतं, ते मुळांवरच्या केसांतून आत कसं जातं, कोणता क्षार झाडात फिरतो आणि कोणता बसला तिथेच बसतो, एकाची उणीव दुसऱ्याने का भागत नाही, आणि म्हणून ही निगा नसून निगेचा अभाव मुद्दाम निर्माण केलेला आहे, ज्याला निगेपेक्षा जास्त मेहनत लागते. खाली सही आणि तारीख.

चार दिवसांनी प्राचार्यांनी बोलावलं. बाई पदर खोचून गेल्या, मी बरोबर गेले, म्हटलं साक्षीदार असू दे.

"वाचलं मी," प्राचार्य म्हणाले. कागद त्यांच्यापुढेच होता. "एवढं लिहायची गरज नव्हती. पण चांगलं आहे." मग ते जरा घुटमळले. "बाई, एक विचारायचं होतं. आमच्या घरी लिंबाचं झाड आहे, कुंडीत. त्याची पानं पिवळी पडलीत. मिसेस रोज काही ना काही घालते, पण फरकच नाही."

"नवी पानं की जुनी?"

"अं?"

"शेंड्याची पिवळी पडलीत की बुडाची?"

"ते नाही बघितलं."

"बघून या," बाई म्हणाल्या आणि उठल्या. बाहेर आल्यावर म्हणाल्या, "अडीच पानं! अडीच पानं वाचून हा माणूस विचारतो, अं?"

दुसऱ्या दिवशी शिपाई एक पाकीट घेऊन आला. त्यात लिंबाचं एक पान. कुठून तोडलं ते लिहिलेलं नाही. बाईंनी पाकीट परत पाठवलं, वर लिहिलं: ‘झाड पाठवा.’ तर तिसऱ्या दिवशी खरंच झाड आलं, साहेबांच्या गाडीतून, कुंडीसकट. मागोमाग साहेबही.

वरची पानं पिवळी, शिरा हिरव्या. बाईंनी कुंडीतली माती बोटाने उकरली. राख, टरफलं, खताचे पांढरे दाणे, आणि खाली चुन्याचा थर. घर रंगवताना कुंड्याही रंगवल्या होत्या आणि उरलेला पातळ चुना आतच ओतला होता.

"लोह कमी पडलंय," बाई म्हणाल्या.

"म्हणजे लोहाचं खत आणू?"

"मातीत लोह आहे. भरपूर आहे. पण तुम्ही एवढा चुना आणि राख घातलीत की ते बांधलं गेलंय, विरघळतच नाही. जे विरघळत नाही ते मुळांना घेता येत नाही. आणखी घालाल तर तेही बांधलं जाईल. माती बदला. आणि काही घालू नका."

"काहीच नाही?"

"पाणी."

प्राचार्य झाडाकडे बघत राहिले. "थोडंसं काही? मिसेसला वाईट वाटेल."

बाईंनी डोळे मिटले, उघडले. मग त्यांनी कुंडी दोन्ही हातांनी उचलली आणि खिडकीच्या ओट्यावर, आपल्या बरण्यांच्या शेजारी नेऊन ठेवली. "हे इथेच राहू दे," त्या म्हणाल्या. "त्यांना सांगा, भेटायला यायचं तर रिकाम्या हाताने यायचं."

ते गेल्यावर मावशींनी विचारलं, याला चिठ्ठी काय लावायची?

"काही लावायची नाही," बाई म्हणाल्या, आणि रेती धुवायला नळाकडे गेल्या.